मुंडी वर

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. दवाखान्याच्या दारावर खळ लावून चिकटवलेल्या त्या कागदात तुम्ही लिहिलंत की, अकरा शेळ्या ‘मदतनीस बाईने चुकीच्या पद्धतीने धरल्यामुळे’ दगावल्या. बारा वर्षं ही बाई तुमच्या टेबलापुढे उभी राहून एकच मागत होती, की मी दवाखान्याची मदतनीस आहे एवढं कुठंतरी लिहून द्या. बारा वर्षं तुमचं उत्तर ठरलेलं: असं पद आमच्याकडे नाही. मग शेळ्या मेल्याबरोबर ते पद कुठून उगवलं? चूक ठेवायला डोकं हवं होतं तेव्हा बाई बरी सापडली तुम्हाला! चौकशीला तुम्ही चाळीस मिनिटं बसलात, त्यातली दहा चहात गेली. आता झालं ते सगळं ऐका. खुर्ची टोचली तरी ऐका.

वस्तीत तिला पकड म्हणत. लोखंडाची पकड असते ना, तार वाकवायची, तशी. अंगानं काटकुळी, पण माजलेला बोकड तिच्या दोन गुडघ्यांत सापडला की मुकाट उभा राहायचा. नवऱ्याची उजव्या हाताची तीन बोटं कडबा कापायच्या यंत्रात गेली, त्या वर्षी ती पहिल्यांदा म्हाताऱ्या डॉक्टरांच्या मागं हिंडली. नवऱ्यानं करायचं काम तिनं उचललं आणि मग ते तिचंच झालं. खुरं कापताना पाय उलटा धरायचा, लस टोचताना मानेची कातडी चिमटीत ओढायची, जंताचं औषध पाजताना जबडा धरायचा. लोक पिशवीतून धान्य देत, कुणी दूध देई. त्यावर आणि दारच्या चार शेळ्यांवर घर चालायचं.

म्हातारे डॉक्टर तिला ‘अहो बाई’ म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतः एक शेळी धरून दाखवली होती. “बघा, नाक डोळ्यांच्या रेषेत. त्याच्या वर जाता कामा नये. वर गेलं की औषध पोटात न जाता फुफ्फुसात जातं, आणि शेळी तुमच्या हातातच मेली म्हणून समजा, फक्त पडते दोन दिवसांनी. गालाच्या कोपऱ्यातून नळी घाला, थोडं थोडं सोडा. घोट ऐकू आला की पुढचं.” पकडनं ते ऐकलं आणि तिच्या हातात ते कायमचं बसलं. बारा वर्षांत तिच्या हातून एकही शेळी नुसती ठसकलीसुद्धा नाही.

म्हातारे डॉक्टर गेले, नवे आले. कोवळे, गोरेगोमटे, बूट स्वच्छ. पहिल्या दिवसापासून तिला ‘ए बाई’. तिचा थोरला भाऊ असता तर त्याच्या मुलाएवढा हा माणूस, पण डिग्री भिंतीवर टांगलेली. बोलणार कोण? आणि एक सांगायचं राहिलं. त्यानंच आल्या आल्या म्हटलं होतं, “नीट काम केलंस तर तुझं नाव वर पाठवतो. ओळखपत्र मिळेल, फोटोचं.” त्या दिवशी घरी येऊन तिनं नवऱ्याला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “ऐकलं गं. फोटोला वेणी घाल.”

त्या वर्षी पाऊस सरता सरेना. गवत पाण्यातच उभं राहिलं. पाण्यातलं गवत खाल्लं की शेळीच्या पोटात जंत वळवळतात, रक्त पितात. शेळ्यांच्या मागच्या मांड्या लेंडीपाण्यानं बरबटल्या, बरगड्या मोजता येऊ लागल्या, काहींच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. लोक दवाखान्याच्या चकरा मारून दमले. शेवटी एका सकाळी डॉक्टर आले. सोबत शिपाई, शिपायाच्या हातात यादी. पांढऱ्या औषधाचा डबा आणि पाजायची पिचकारी. मागं नळी, पुढं वाकडं लोखंडी तोंड, घोडा दाबला की एक माप बाहेर.

“किती?” डॉक्टरनं विचारलं.

“एकशे बेचाळीस,” शिपाई म्हणाला.

“एकच्या आत उरकायच्या. दोनला मोठे साहेब पलीकडच्या वस्तीवर येणार. तिथं फोटो आहे.”

पहिल्या गोठ्यात पकडनं सवयीनं शेळीची खालची पापणी अंगठ्यानं उलटी केली. “हिचं लाल आहे, डॉक्टर. हिला गरज नाही. पलीकडच्या दोघींच्या पापण्या पांढऱ्या पडल्यात, रक्त उरलं नाही, त्यांना आधी द्या.”

“सगळ्यांना द्यायचंय. तू डोळे बघायला आलीस की धरायला?”

तिनं धरली. गुडघ्यांत खांदे, डावा हात जबड्याखाली, अंगठा गालाच्या फटीत. नाक डोळ्यांच्या रेषेत. डॉक्टरनं घोडा दाबला. तिनं घोटाची वाट पाहिली. आला. दुसरा दाब. घोट. पहिला गोठा संपायला अर्धा तास लागला, दुसऱ्यालाही तेवढाच. डॉक्टर घड्याळ बघायला लागला, मग मनगट झटकायला लागला.

तिसरा गोठा थोरल्या जावेचा. पकडच्या घराला लागूनच, मधे नुसतं काट्यांचं कुंपण. जावेच्या पाच शेळ्या. त्यातली बांडी ऐन दुधात होती, जावेच्या नातवाला तिचंच दूध लागायचं. जाऊ डॉक्टरसाठी चहाचा पेला घेऊन दारातच उभी. कुंपणाच्या कडेला पाच-सहा बायाबाप्ये जमलेले.

“बाई, अशानं संध्याकाळ होईल,” डॉक्टर म्हणाला. “मुंडी वर कर तिची. आपोआप उतरतं.”

“डॉक्टर, नाक वर गेलं की फुफ्फुसात जातं.”

“काय?”

“म्हातारे डॉक्टर म्हणायचे, नाक डोळ्यांच्या...”

“अच्छा!” तो मागं वळून जमलेल्यांना म्हणाला, “मॅडम कुठल्या कॉलेजच्या हो?”

लोक हसले. जाऊसुद्धा हसली, हातातला चहा हिंदकळला. शिपाई म्हणाला, “बोकडबाजार कॉलेज, साहेब. लेंडी विभाग.” आणखी हसले.

“जमत नसेल तर सांग,” डॉक्टर आता हसत नव्हता. “दुसरी बघतो. नाव पाठवायचंय ते मग तिचंच पाठवू.”

पकडच्या कानशिलाला चटका बसल्यासारखं झालं. तिचा हात बांडीच्या जबड्याखाली होता. बोटांना शेळीच्या नाडीचे ठोके लागत होते. एवढा वेळ लागला असेल तिला, म्हणजे तुम्ही एकदा पापणी मिटून उघडाल तेवढा. मग तिनं बांडीची मुंडी वर केली.

“आणखी वर.”

तिनं आणखी वर केली. शेळीचे डोळे आभाळाकडे गेले. डॉक्टरनं पिचकारी जिभेवर घातली आणि एका दमात पुरं माप सोडलं. घोट ऐकू आला नाही. बांडी खोकली. “पुढची,” डॉक्टर म्हणाला.

पाच शेळ्या, एक मिनिटात. शेवटची झाली तसा डॉक्टर जावेच्या ओट्यावर बसला, पेला तोंडाला लावला आणि पिचकारी तिच्याकडे धरली. “तुझ्याच आहेत ना पलीकडच्या चार? तूच पाजून घे. मला जरा बसू दे.”

ती कुंपणाच्या पलीकडं गेली. स्वतःच्या चारही शेळ्यांना तिनं एकटीनं पाजलं. नाक डोळ्यांच्या रेषेत, गालाच्या कोपऱ्यातून, घोट घोट ऐकत. नवरा उंबऱ्यात बसून दोन बोटांनी विडी धरून बघत होता.

मग उरलेल्या सगळ्या गोठ्यांत मुंडी वर. डॉक्टर दाबत होता, शिपाई यादीवर खुणा करत होता, आणि मागं एकेका गोठ्यातून खोकला ऐकू येत होता. पावणेएकला सगळं उरकलं. “बघ, होतं की नाही?” डॉक्टर हात धुता धुता म्हणाला. तिनं पाणी ओतलं.

संध्याकाळी बांडीनं चाऱ्याकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशी तिच्या नाकाला फेस आला, पोट भात्यासारखं चालायला लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मान लांब करून पडली आणि जावेच्या मांडीवरच गेली. तिच्यामागून जावेच्या आणखी दोन गेल्या. आठवडा संपेपर्यंत वस्तीत अकरा. मेलेल्यांतल्या दोन गाभण होत्या.

कातडीवाला ओढ्याच्या काठी बसून एकेक सोलत होता. पकड तिथं गेली, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, “बांडीची छाती उघडून दाखवा.”

“कशाला? मांस कुणी घेणार नाही.”

“दाखवा म्हणते ना.”

त्यानं सुरी चालवली. श्वासनळी उभी चिरली. आत पांढरं, दह्यासारखं, औषध जसंच्या तसं. फुफ्फुसाचा खालचा भाग काळानिळा, दगडासारखा घट्ट. कातडीवाल्यानं बोटानं ते पांढरं निपटलं, वास घेतला आणि हात ओल्या मातीत पुसला. “शेळी जाते जिवानिशी अन् खाणारा म्हणतो वातड,” तो म्हणाला. “इथं तर खाणाराही नाही. नुसतं वातड म्हणणारेच आहेत.”

पकडनं तो फुफ्फुसाचा तुकडा डब्यात घातला आणि भर उन्हात चालत दवाखान्यात गेली. डॉक्टर जेवत होता. तिनं डब्याचं झाकण काढून टेबलाच्या कडेला ठेवलं.

“हे काय, खिमा आणलास?”

“बांडीचं फुफ्फुस आहे. औषध आत दिसतंय. वर पाठवा.”

डॉक्टरनं घास तसाच ठेवला. डब्यात एकदाच पाहिलं. त्याला कळलं, साहेब. ते पांढरं कळायला डिग्री लागत नाही, पण त्याच्याकडे तर तीही होती. मग शिपायाला म्हणाला, “घेऊन जा रे हे. माशा येतायत.”

शिपायानं डबा मागच्या दारानं उपडा केला. तिथं दवाखान्याचं कुत्रं होतंच. रिकामा डबा परत तिच्या हातात देत शिपाई म्हणाला, “घासून घे. नवऱ्याला यातच जेवायला देतेस ना?”

वस्तीला तोवर कारण सापडलं होतं, आणि ते फार सोपं होतं. अकरा मेल्या, पण पकडच्या दारातल्या चार धडधाकट. पाण्याला गेली की बाया घागरी बाजूला ओढायच्या. म्हातारे थुंकायचे. “हिच्याच कशा वाचल्या?” हे तिला ऐकू जाईल असं बोललं जायचं. एकजण म्हणाला, “पाजता येईना, शेळी वाकडी.” त्यावर लोक हसले आणि ते बोलणं वस्तीभर झालं.

ज्या दिवशी जावेच्या नातवाला बाहेरचं दूध पचेना म्हणून जुलाब लागले, त्या दिवशी भर दुपारी जाऊ कुंपणाचे काटे पायानं दाबून आत आली. तिनं पकडच्या दोन शेळ्या सोडल्या आणि दावं ओढायला लागली. एक अडून बसली. जाऊ तिला गळ्याला हिसके देऊ लागली.

“जाऊबाई, अशी ओढू नका. गाभण आहे. कानामागं हात घाला, चालेल.”

जाऊ थांबली. “आता तू मला धरायला शिकवणार?”

पकडनं पुढं होऊन स्वतःच शेळीच्या कानामागं हात घातला आणि ती कुंपणाच्या पलीकडं नेऊन दिली. दुसरीही दिली. उंबऱ्यातून नवरा म्हणाला, “उरलेल्या दोन पण देऊन टाक. आणि मला बांध खुंट्याला. मीही खातो थोडं.” असं म्हणून तो हसला आणि मग भिंतीकडे तोंड करून बसला.

मग साहेब, तुम्ही आलात.

दवाखान्याच्या आवारात तुमच्यासाठी खुर्ची, डॉक्टरसाठी खुर्ची, कारकुनासाठी स्टूल. वस्ती उभी. चाळीसेक माणसं असतील. पकड पुढं, जाऊ तिच्या बाजूला, कारण पहिली तक्रार जावेची. डॉक्टरनं सांगितलं, औषध बरोबर, माप बरोबर, धरणारी बाई अनाडी. तुम्ही मान हलवलीत. मग पकडला विचारलंत, “तू कशी धरलीस?”

“डॉक्टर म्हणाले, मुंडी वर कर.”

“मी विचारतोय, तू कशी धरलीस. करून दाखव.”

करून दाखवायला शेळी नव्हती. आजूबाजूच्या कुणी स्वतःची शेळी आणून द्यायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा शिपाई म्हणाला, “साहेब, बाईलाच बसवा ना. शेळीपेक्षा हलकी आहे.” लोक हसले आणि तुम्ही हसू दाबलंत, साहेब, हात ओठावर ठेवून. पण नाही म्हणाला नाहीत. म्हणालात, “बघू या तरी.”

ती गुडघ्यांवर बसली. हात मातीवर टेकले. आवारात दगडी खडी होती, गुडघ्यांना रुतली. तुम्ही जावेला म्हणालात, “तुम्ही धरा. तुमच्याच शेळ्या होत्या.” जाऊ पुढं आली. आठ दिवस ती रडली नव्हती, नुसती आतल्या आत तापत होती. तिनं एक पाय पकडच्या पाठीवरून पलीकडे टाकला, खांदे गुडघ्यांत आवळले आणि केसांत मूठ घातली. शिपायानं पिचकारीत पाणी भरून डॉक्टरच्या हातात दिली.

जाऊ धरून राहिली. पकडचं तोंड जमिनीशी समांतर होतं. डॉक्टर वाकला, त्याला पिचकारी तोंडात घालता येईना. तो चिडला आणि त्याच्या तोंडून ते आलंच, जसं सवयीनं शिवी येते तसं:

“मुंडी वर कर तिची.”

जावेनं वर केली.

“आणखी वर.”

जावेनं केस मागं ओढले. पकडचा गळा ताणला गेला. आभाळ तिच्या डोळ्यांत आलं, पांढरं. डॉक्टरनं जिभेवर लोखंड टेकवलं आणि घोडा दाबला. पुरं माप. एका दमात.

ती ठसकली. पाणी नाकातून आलं. ती कुशीवर कलंडली, तोंडाचा आ झाला पण श्वास आत जाईना. पाय खडीवर घासत राहिले, डोळ्यांच्या शिरा लाल तटतटल्या. पहिल्यांदा शिपाई हसला. मग कुणीच हसलं नाही. बऱ्याच वेळानं तिच्या छातीतून घरघर आली आणि तिनं श्वास ओढला.

तुम्ही काय म्हणालात, आठवतंय? “एवढंसं पाणी हिला स्वतःला गिळता येत नाही, आणि ही जनावरांना पाजायला निघाली.” मग कारकुनाला म्हणालात, “लिहा.”

पकड कोपरांवर उठली. आवाज फुटत नव्हता, तरी तिनं विचारलं, “साहेब, आत्ता कोण म्हणालं, मुंडी वर?”

तुम्ही पेनाला टोपण लावलंत. “चौकशी संपली.” चाळीस माणसं तिथं होती. कुणाचे कान गेले नव्हते. त्यातला एकही बोलला नाही. तुमच्या गाडीचं दार लागलं, डॉक्टर खिडकीत वाकून काहीतरी आर्जवं करायला लागला, आणि वस्ती पाय ओढत फाटकाकडे निघाली.

जाऊ तेवढी निघाली नाही. ती तशीच उभी होती. तिच्या मुठीत पकडचे चार-सहा केस अडकले होते, ती ते बघत होती.

“तो म्हणाला,” जाऊ म्हणाली.

पकडनं मान उचलली.

“आत्ताही तोच म्हणाला, आणि त्या दिवशीही तोच. मी चहा घेऊन उभी होते. मी ऐकलं होतं.”

“मग साहेबांपुढं का नाही बोललात, जाऊबाई?” पकडचा आवाज घासून आला, पण त्यात काहीतरी जागं झालं होतं. ती एका गुडघ्यावर उठली. “चला ना. गाडी अजून फाटकातच आहे. दोघी मिळून सांगू.”

“थांब.” जाऊ हलली नाही. “मला आधी तू सांग. मी आत्ता तुझी मुंडी वर केली, तेव्हा काय होईल ते मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ नव्हतं. तुला ठाऊक होतं. बारा वर्षं तुला तेच एक ठाऊक होतं. तू सगळ्यांसमोर म्हणालीससुद्धा, फुफ्फुसात जातं म्हणून. आणि मग वर केलीस.”

पकडचा उचललेला गुडघा पुन्हा खडीवर टेकला.

“पलीकडं जाऊन स्वतःच्या चार पाजल्यास. मी कुंपणातून बघत होते. एकेकीचा घोट ऐकत होतीस, जशा लेकीच. तो साहेब खोटारडा, तो डॉक्टर हरामखोर, ते मी बघते नंतर. त्यांच्याकडून मला काय मिळणार होतं?” जावेनं हात झटकला, पण केस बोटांना चिकटून राहिले. “तू माझ्या घरातली. माझ्या बांडीचा जबडा तुझ्या हातात होता. फोटोच्या कागदासाठी? की लोक हसले म्हणून? मीही हसले म्हणून? कशासाठी वर केलीस, ते मला सांग. ठसका लागलाय म्हणू नकोस. बोल.”